न लावलेली ड्युटी

गाडीत बसलेल्या माणसाला ड्रायव्हर दिसतो, कंडक्टर दिसतो. गाडी उशिरा आली तर भांडायला चौकशीच्या खिडकीतला माणूसही दिसतो. पण अमक्या ड्रायव्हरबरोबर तमकाच कंडक्टर का, आणि आज हा संगमनेरला गेला तर तो शेवगावला का, हे ठरवणारा माणूस कुणाच्या नजरेला पडत नाही. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या डेपोत तो माणूस, म्हणजे ड्युट्या लावणारा कंट्रोलर, अकरा वर्षं मी होतो. डेपोचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती, आणि ही गोष्ट त्यांच्यापेक्षा माझी जास्त आहे.

रोज दुपारी चारच्या सुमारास मी दुसऱ्या दिवसाचा ड्युटी चार्ट लिहायला बसायचो. आधी कच्चा, शिसपेन्सिलीनं. मग पक्का, शाईनं. तो पक्का कागद बाहेरच्या बोर्डावर जाळीच्या दाराआड लागला, की पाच मिनिटांत तिथं गर्दी व्हायची. कुणी खूश होऊन विडी पेटवायचा, कुणी माझ्या खिडकीकडे बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. शिव्याच असणार. मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण हे काम दिसतं तितकं सोपं नाही. कुणाची बायको बाळंतपणाला टेकली आहे, कुणाला डुलकी लागण्याची खोड आहे, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं डोक्यात ठेवून जोड्या लावाव्या लागत. आमच्याकडे एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर सख्खे चुलतभाऊ होते आणि बांधावरून कोर्टात गेले होते. एकदा चुकून दोघं एका गाडीवर लागले. कंडक्टर घंटी मारी आणि ड्रायव्हरला ती ऐकू येत नसे. तीन थांब्यांवरची माणसं गाडीमागं धावली, तेव्हापासून ती दोन नावं मी कधी शेजारी लिहिली नाहीत.

दिवाळी अंकाला लिहायचं तर प्रवाशांचे किस्से लिहा, असं मला सुचवण्यात आलं आहे. किस्से काही थोडे नाहीत. बोकडाला अजून वर्ष झालेलं नाही, म्हणून त्याला अर्धंसुद्धा तिकीट लागू नये असा वाद घालणारे एक गृहस्थ होते, ते बोकडाच्या जन्माची वेळसुद्धा सांगत. पण किस्से लिहायला बसलो की मधेच एक चेहरा समोर येतो आणि हात थांबतो. तेव्हा आधी ते लिहितो.

आमच्या डेपोत माणसं तऱ्हेतऱ्हेची होती. गावांत अजून एका जातीची आळी दुसरीत मिसळत नव्हती, पण गाडीला मात्र ड्रायव्हर लागे, कंडक्टर लागे, मेकॅनिक लागे, आणि ते जिथून मिळतील तिथून आलेले असत. गॅरेज अमीनभाईंच्या ताब्यात होतं. पूर्वेकडच्या डोंगराळ भागातले वंजारी ड्रायव्हर होते. घाटात त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. कुणब्या-मराठ्यांची पोरं तर होतीच, मी त्यांतलाच. आणि नवीन भरतीत बौद्ध समाजातली शिकलेली तरुण मंडळी कंडक्टर म्हणून येऊ लागली होती. मुरलीधर साळवे त्यांतले एक.

साळवे मॅट्रिक झालेले. गणवेशाची इस्त्री कधी मोडलेली नाही. छातीवरचा बिल्ला रोज चिंचेनं घासलेला. तिकिटाला भोक पाडायचा पंच ते दोन बोटांत असा टिकटिकवत यायचे की मागच्या बाकावरच्यालाही कळावं, कंडक्टर आला. कामाचे कागद कधी चुकलेले नाहीत, कुणा प्रवाशाची तक्रार नाही. बोलणं कमी. आमच्याशी ते शुद्ध बोलत आणि प्रवाशांशी प्रवाशांसारखं.

आता मुक्कामी गाडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. तालुक्याहून शेवटची गाडी संध्याकाळी एखाद्या आडगावाला जाते, तिथंच थांबते आणि सकाळी माणसं घेऊन परत येते. त्या गावात ड्रायव्हर-कंडक्टरचा मुक्काम. आमच्या डेपोच्या अशा पाच गाड्या होत्या. गावाला तिचा मोठा अभिमान. आमच्या गावात गाडी राहते, असं लग्नाच्या बोलणीत सांगत. तेव्हा या दोघांचं आदरातिथ्य गाव आपण होऊन करी. देवळाच्या ओसरीवर नाहीतर चावडीत निजायची सोय, आणि जेवण घरोघर पाळीनं. आज या घरचं पिठलं-भाकरी, उद्या त्या घरची आमटी. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. चालत आलं होतं.

साळवे नोकरीत कायम झाल्यावर मी त्यांना पहिल्यांदा मुक्कामी गाडीला लावलं. आठवड्याची पाळी होती. चौथ्या दिवशी दुपारी कच्चा चार्ट लिहून होतो तोच त्या गावचे दोन जाणते गृहस्थ माझ्या खिडकीशी आले. पांढरे पटके, हातात छत्र्या. मी त्यांना आत बोलावून चहा मागवला. त्यांतल्या एकांकडे माझी मावसबहीण दिलेली होती.

"निमसेसायेब, गाडीनं लई सोय झाली बगा," ते म्हणाले. "कंडक्टरबी चांगलाच हाय, न्हाई म्हनत न्हाई. पर आमच्याकडं जेवनाची पाळी आसती. बायामानसं कुरकुर करत्यात. हिरीवर पान्याचंबी तसंच."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"आमचं काय म्हननं? आमी तक्रार कराया आलो न्हाई. उगं त्या मानसालाबी आवघड, आमालाबी आवघड. तुमी आमच्यातलेच. तुमाला काय समजावायचं?"

आणि मी समजलो. त्यांनी एक वाईट शब्द उच्चारला नाही, मीही उच्चारला नाही. चहा पिऊन ते गेले आणि मी कच्च्या चार्टवरचं साळव्यांचं नाव रबरानं खोडून त्यांना नगरच्या फेरीवर टाकलं. रबराची भुकटी फुंकरली आणि पुढच्या कामाला लागलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी विचार केला की जे या गावात झालं ते उरलेल्या चार गावांत होणारच. तिथून कुणी आलं नव्हतं, काही म्हटलं नव्हतं. तरी मी त्याही गाड्यांवर साळव्यांना लावायचं नाही असं ठरवून टाकलं. असा काही हुकूम नव्हता, तोंडीसुद्धा नाही. साळव्यांना मी यातलं काही सांगितलं नाही. एका शिकलेल्या, मानी माणसाला अपमानापासून वाचवलं, अशी माझी समजूत होती. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होतो.

तीन वर्षं अशी गेली. साळव्यांना नगर लागे, संगमनेर लागे, पुण्याची फेरी लागे. सुप्याच्या पुढे रेडिएटर तापून गाडी उभी राहिली तरी माणसांना गोडीगुलाबीनं सांभाळणारा कंडक्टर म्हणून पुण्याच्या गाडीला मी त्यांनाच पसंत करी. बाकीचे चेष्टा करीत, "साळव्यांचं बरं आहे बुवा, रोज घरचं अंथरूण." ते हसत. पण नवीन चार्ट लागला की सगळे पांगल्यावर ते बोर्डासमोर जरा वेळ उभे राहत. वरून खालपर्यंत वाचत. मला खिडकीतून दिसायचं, आणि मी मान खाली घालून काहीतरी लिहायला घ्यायचो. मान खाली का घालत होतो, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला निघालेली. आमच्या गाड्यांत टोपल्या, फावडी आणि कडेवरची लेकरं यांचीच गर्दी. नेमकं त्याच सुमारास नवे डेपो मॅनेजर आले, राणेसाहेब. मूळचे कोकणातले. आमचा पूर्वेकडचा भाग पहिल्यांदा पाहून आले तेव्हा ते उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्याले.

राणेसाहेबांबरोबर वरून एक परिपत्रकही आलं. कामगारांना कामात आपलेपणा वाटला पाहिजे, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, त्यासाठी प्रत्येक डेपोत सूचनापेटी लावावी. पेटी आमच्याच सुतारानं केली, हिरवा रंग दिला. दर शनिवारी दुपारी साहेबांनी ती सगळ्यांसमोर उघडायची. पहिल्या शनिवारी निघालेल्या चिठ्ठ्या अशा: चहा पातळ आहे. विश्रांतीगृहातले ढेकूण हे जुने कर्मचारी असल्याने त्यांना निवृत्त करावे. निमसे कंट्रोलर यांनी चष्मा बदलावा म्हणजे त्यांना आमचा रजेचा अर्ज दिसेल. एकाही चिठ्ठीखाली सही नव्हती. राणेसाहेबांनी गंभीर चेहऱ्यानं सगळ्या वाचल्या आणि ढेकणांचा बंदोबस्त लगेच केला. तिथपासून लोकांना पेटीची गोडी लागली.

चौथ्या की पाचव्या शनिवारी एक घडी घातलेला कागद निघाला. खाली सही होती. साहेबांनी वाचलं:

"मला तीन वर्षांत मुक्कामी गाडीची ड्युटी लागलेली नाही. इतरांना जशी पाळीने लागते तशी मलाही लागावी. मु. भा. साळवे, कंडक्टर."

हसणारी मंडळी मागे वळली. साळवे मागे खांबाला टेकून उभे होते. मुक्कामी ड्युटी टाळायला लोक देवाची शपथ घेऊन पोटदुखी सांगतात, आणि हा माणूस ती मागत होता. राणेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"का लागत नाही त्यांना?"

"त्यांच्या चांगल्यासाठीच, साहेब. गावांतून जेवणाची, पाण्याची अडचण होते. त्यांना त्रास नको म्हणून."

"त्यांनी तसं सांगितलं होतं?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं?"

मावसबहिणीच्या सासरची माणसं चहा पिऊन गेली, हे काही मला सांगता आलं नाही. "सोमवारपासून लावा," ते म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

मला राग आला होता. साहेबांचा नव्हे, साळव्यांचा. एवढं जपलं आणि चारचौघांत नाव काढलं, असं वाटत होतं. त्या रागातच सायकलवरून घरी निघालो, आणि वेशीपाशी एकदम आठवलं. मी सायकलवरून उतरलो.

त्याच आठवड्यात कंट्रोलरच्या जागांसाठी जुन्या कंडक्टरांतून निवड व्हायची होती. आमच्या डेपोतून तीन नावं जायची, त्यांत साळवे होते. प्रत्येकाचा एक फॉर्म, आणि ते भरायचं काम माझं. हजेरी, तक्रारी, अक्षर, आणि शेवटी एक रकाना: सर्व प्रकारच्या ड्युट्यांचा अनुभव. जो पुढे ड्युट्या लावणार त्यानं त्या स्वतः केलेल्या असाव्यात, हा त्यातला अर्थ. साळव्यांच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं: लांब पल्ला, उत्तम. स्थानिक, उत्तम. मुक्कामी, नाममात्र. रेकॉर्ड बघून, प्रामाणिकपणे लिहिलं होतं. लिहिताना क्षणभरही मनात आलं नाही की ते नाममात्र कुणी केलं. दोन दिवसांपूर्वी ते फॉर्म नगरला विभागीय कचेरीत गेले होते.

रविवारी दुपारी सोमवारच्या चार्टवर साळव्यांचं नाव मुक्कामी गाडीपुढे लिहिलं, त्याच गावच्या. मग सोमवारी पहिल्या गाडीनं नगर गाठलं. कचेरीतला क्लार्क सज्जन माणूस होता. त्यानं फॉर्म काढून दाखवला.

"यात चूक काय आहे?"

"मुक्कामीपुढचा शेरा बदलायचा आहे."

"का? लिहिलंय ते खोटं आहे?"

"खोटं नाही. पण..."

"खरं आहे तर मी कसं बदलू, निमसेसाहेब?" तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "हां, तुम्हाला काही जोडायचं असेल तर वेगळं टिपण द्या. कारणासकट, सही करून. आत्ता लिहून दिलंत तर आत्ता लावतो." आणि त्यानं एक कोरा कागद पुढे केला.

तो कागद घेऊन मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. वर तारीख घातली. 'माननीय विभागीय' इथपर्यंत लिहिलं. त्याच कचेरीत, त्याच वर्षी इन्स्पेक्टरच्या यादीत माझं नाव होतं, हे मला व्हरांड्यात बसल्यावर आठवलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. ते मला गाडीत बसल्यापासून आठवत होतं. मी कारण लिहायचं म्हणजे काय लिहायचं? की मी हुकूम नसताना, नियम नसताना, एका माणसाला त्याच्या जातीवरून तीन वर्षं पाच गाड्यांपासून दूर ठेवलं? असं सही करून द्यायचं आणि इन्स्पेक्टर व्हायचं? अर्धा तास बसलो. मग कागदाची घडी करून खिशात घातली, क्लार्कला नंतर पाठवतो म्हणून सांगितलं आणि दीडच्या गाडीनं परत आलो. याचं आजही मला जितकं वाईट वाटतं तितकं दुसऱ्या कशाचं वाटत नाही. रबर फिरवताना मी निदान समजत तरी नव्हतो. व्हरांड्यात मला सगळं समजत होतं.

इकडे साळव्यांचा आठवडा सुरू झाला होता. ड्रायव्हर होते आव्हाडनाना, पन्नाशीचे, डोंगराकडचे, तोंडाचे फटकळ. मंगळवारी सकाळी गाडी आली तशी मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, काय झालं.

"व्हायचं काय? भाकरी आली. एकाचीच आली."

"मग?"

"मंग काय? साळव्यानं घरून डबा आनला व्हता. मपली भाकरी आन त्याचा डबा एकात केला आन खाल्लं दोगांनी. पानी गाडीत न्हेलं व्हतं."

"साळवे काही म्हणाले?"

"कामून म्हनन? त्याला ठावंच व्हतं. तुमी कामून एवडं इचारता, सायेब? तुमाला न्हवतं का ठावं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि टायर बघायला निघून गेले. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही तेच. त्या आठवड्यात गाव काही बदललं नाही, आणि पुढे फार बदललं असंही म्हणता येणार नाही. साळव्यांची दुसरी पाळी लागली तेव्हा शाळेच्या मास्तरांकडून दोघांचं जेवण आलं, एवढंच ऐकलं. पाच गावांपैकी दोन गावांत तर पहिल्या दिवसापासून काहीच अडचण आली नाही. पाळीनं दोघांची भाकरी आली, कुणी काही विचारलंही नाही. त्या दोन गावांना मी तीन वर्षं न विचारता दोषी धरून बसलो होतो.

महिन्याभरात निवडीची यादी आली. तीन नावांतली दोन होती. साळव्यांचं नव्हतं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच आशा लागायला नको. साळवे पुढच्या वर्षीच्या यादीत कंट्रोलर झाले आणि दुसऱ्या डेपोला गेले. पण नोकरीत एक वर्ष म्हणजे नुसतं एक वर्ष नसतं. आधी निवडलेले ते दोघं ज्येष्ठतेच्या यादीत जन्मभर त्यांच्या पुढे राहिले, आणि पुढची प्रत्येक बढती त्यांना त्या दोघांच्या मागूनच मिळाली. मला खुलासा विचारणारं पत्र आलं, इन्स्पेक्टरच्या यादीतून नाव निघालं, आणि ज्या खिडकीत बसलो होतो त्याच खिडकीतून मी निवृत्त झालो. घरच्यांना वाटतं माझ्यावर अन्याय झाला. मी त्यांना अजून नीट सांगितलेलं नाही. हा अंक घरी येईल तेव्हा ते वाचतील.

यादी आली त्या दुपारची गोष्ट राहिली. साळवे संगमनेरची फेरी संपवून, आपली तिकिटांची पेटी जमा करून माझ्या खिडकीशी आले. यादी बोर्डावर लागलेली होती, त्यांनी वाचली होती. मी त्यांना आत बोलावलं. ते उभेच राहिले.

"साळवे, तो फॉर्म मी भरला होता," मी म्हणालो. मला वाटलं होतं, हे सांगितलं की ते चकित होतील.

"माहीत आहे. गेलो होतो मी नगरला, फॉर्म बघितला. तुमचं अक्षर रोज बोर्डावर वाचतो, साहेब. ओळखू येणार नाही का?"

"तुम्हाला तिथं अपमान सोसावा लागू नये, एवढाच माझा हेतू होता हो."

ते हळू आवाजात, पण एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तिथं जे व्हायचं ते माझ्या तोंडावर झालं असतं. मी बघून घेतलं असतं. लहानपणापासून तेच करत आलो. इथं काय होत होतं ते मला तीन वर्षं कळलंच नाही. वाटायचं, आपल्याच कामात काही कमी असेल. बायकोला विचारायचो, माझं काय चुकतं गं?"

डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

"मी काय करू, साळवे?"

"लिहून द्या."

त्यांनी हे असं सांगितलं, जसं प्रवाशाला पुढे सरका म्हणावं. मी ड्रॉवरमधून कागद काढला आणि लिहायला घेतलं. रोज कागद काळे करणारा माणूस मी, पण त्या अर्जाला मला अर्धा तास लागला. साळवे तेवढा वेळ उभे होते. लिहून झाल्यावर मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी सावकाश वाचला, मग टेबलावर ठेवून एका ओळीवर बोट टेकलं. मी लिहिलं होतं: 'सदर कर्मचाऱ्यास मुक्कामी ड्युटी त्यांच्याच हितासाठी लावली नाही.'

"हे 'त्यांच्याच हितासाठी' काढा."

"पण ते खरं आहे हो. माझ्या मनात वाईट नव्हतं."

"नसेल. पण हे वाचून साहेब लोक तुम्हाला माफ करतील, आणि माझा शेरा तसाच राहील."

मी ते शब्द खोडायला लेखणी उचलली, तर त्यांनी मान हलवली. खोडलेलंही वाचता येतं, म्हणाले. तेव्हा मी तो कागद फाडला आणि नवा घेतला. या वेळी वेळ लागला नाही. 'सदर कर्मचाऱ्यास मुक्कामी ड्युटी मी लावली नाही. त्यांनी ती कधीही नाकारलेली नाही. मी त्यांना विचारले नव्हते.' खाली सही केली आणि त्यांच्यापुढे धरला.

साळव्यांनी तो दोनदा वाचला, शाई वाळेपर्यंत हातात धरून ठेवला, आणि राणेसाहेबांच्या केबिनकडे ते स्वतः घेऊन गेले.